‘ते परीक्षेत येत नाही’

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना हुमनाबाद मागे पडले की थोड्या वेळाने मन्नाएखेळ्ळी लागते. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत, आता तो ६५ आहे. गाव बीदर जिल्ह्यातले, पण गुलबर्गा जिल्हा, म्हणजे आताचा कलबुर्गी, शेजारीच आणि तेलंगणाची हद्दही लांब नाही. आम्हा गोवेकरांना हे नाव एका दमात उच्चारता येत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या गाडीचे चाक तिथे पंक्चर झाले आणि तासभर त्या गावात काढावा लागला. आज जे लिहितो आहे त्याचे मूळ त्या तासाभरात आहे.

पंक्चरच्या दुकानाला लागून चहाचे हॉटेल होते. बाहेरच्या बाकावर दहावीतला एक मुलगा गाईड उघडून बसला होता आणि डोळे मिटून काहीतरी घोकत होता. कान दिला तर शब्द ओळखीचे निघाले. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, आय ॲम नॉट एबल टु अटेंड द स्कूल.’ मुख्याध्यापकांना लिहायचा रजेचा अर्ज! मीही शाळेत हाच अर्ज पाठ केला होता. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलांना इंग्रजीत फक्त तापच येतो, याची मला मोठी गंमत वाटली.

मुलाचे वडील आत चहा घेत होते. त्यांच्याशी तो मराठीत बोलत होता, हॉटेलवाल्याशी कानडीत आणि पंक्चरवाल्याशी दखनी उर्दूत. एका भाषेतून दुसरीत शिरताना तो जराही अडखळत नव्हता. मी सहज विचारले, इंग्रजी कधीपासून शिकतोस? म्हणाला, पहिलीपासून. मग मी त्याला म्हटले, “समज, सायकलची साखळी तुटली म्हणून तुला शाळेत यायला उशीर होणार आहे. हे सरांना इंग्रजीत कसं लिहिशील?” त्याने थोडा वेळ विचार केला. गाईडची दोन पाने उलटली. मग अगदी सरळपणे म्हणाला, “ते परीक्षेत येत नाही, काका.”

त्या उत्तरात उद्धटपणा मुळीच नव्हता. पेपर महिन्यावर आला होता आणि त्याचा वेळ मोलाचा होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. या मुलाला तीन भाषा कोणी परीक्षा न घेता आल्या होत्या. चौथी, जिच्यासाठी दहा वर्षे तास झाले, चाचण्या झाल्या, शिकवण्या झाल्या, तीच तेवढी येत नव्हती. असे का व्हावे? मुलाची बुद्धी कमी म्हणावी तर बाकीच्या तीन भाषा साक्षीला उभ्या होत्या. मास्तरांना दोष द्यावा तर त्यांनी त्यांचे काम चोख केले होते. पेपरात जे येते ते सगळे त्यांनी शिकवले होते. म्हणून मी जमेल तसा मागचा इतिहास चाळू लागलो.

या भागात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणत. मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींच्या आठवणींत हे शब्द हमखास भेटतात. १९१७ च्या फर्मानानंतर १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते आपल्याकडचे मोठे धाडस होते. पण ती देशी भाषा होती उर्दू. इंग्रजी तिथेही सक्तीचा विषय होताच. दुसरीकडे हैदराबादचेच निजाम कॉलेज १८८७ पासून मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे वरच्या शिक्षणाच्या दोन वाटा. एकीवर उर्दू, दुसरीवर इंग्रजी. मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा दोन्ही वाटांवर नव्हती.

लोक स्वस्थ बसले नव्हते. १९०७ च्या सुमारास गुलबर्ग्याला नूतन विद्यालय आणि हैदराबादला विवेकवर्धिनी अशा मराठी माणसांनी काढलेल्या संस्था उभ्या राहिल्या. भालकीच्या चन्नबसव पट्टदेवरूंविषयी आजही सांगतात की बाहेर उर्दूची पाटी लावून आत ते मुलांना कानडी शिकवीत. या खटाटोपाबद्दल आदरच वाटतो. पण पाटी कोणतीही असो आणि आत भाषा कोणतीही असो, मुलगा शेवटी ज्या परीक्षेला बसणार ती दूर कुठेतरी ठरलेली असे. पेपर काढणाऱ्याने त्या मुलाचे गाव पाहिलेले नसे.

आपल्या मुंबई इलाख्यातली गोष्ट थोडी आधी सुरू झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेले. ही परीक्षा मुळात एका साध्या कामासाठी होती. मुलगा कॉलेजातली व्याख्याने समजण्याइतका तयार आहे का, एवढेच तिने पाहायचे. पण सरकारी कचेऱ्यांना कारकून हवे होते आणि निवडायला सोपे माप हवे होते. ते माप त्यांना मॅट्रिकमध्ये सापडले. कॉलेजच्या दारावरचा पहारेकरी अशा रीतीने नोकरीच्या दारावर येऊन उभा राहिला. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवले की ज्यांना कॉलेजात जायचे नाही त्यांच्यासाठी हायस्कुलात वेगळी, व्यवहारोपयोगी शाखा असावी. सूचना शहाणपणाची होती. पण पालकांना मॅट्रिकच हवी होती आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. पगार मॅट्रिकला होता.

एकदा असे झाले की वर्गात काय शिकवायचे हे पेपरच ठरवू लागतो. पेपरात भाषांतर, म्हणून वर्गात भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोचली ती यामुळेच. व्याकरणाचा नियम, त्याखाली शब्दांची यादी, त्याखाली इकडून तिकडे फिरवायची वाक्ये. या पुस्तकाने हजारो मराठी मुलांना इंग्रजीच्या उंबऱ्यापर्यंत आणले, ते ऋण नाकारता येणार नाही. मात्र अशा रीतीने शिकलेली इंग्रजी डोळ्यांची आणि लेखणीची राहिली. कानाला आणि जिभेला त्यात काम नव्हते, कारण परीक्षेला कान नव्हते. पुण्याला १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक यांनी स्वाभिमानाने न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्या शाळेचाही लौकिक वाढला तो तिच्या मुलांनी मॅट्रिकला संस्कृतच्या शंकरशेट शिष्यवृत्त्या मिळवल्या तेव्हा. राष्ट्रीय बाण्याच्या शाळेलाही आपली किंमत सरकारमान्य परीक्षेच्या तागडीत दाखवावी लागली.

मॅट्रिक या शब्दाला समाजात काय वजन आले हे आपल्या जुन्या बोलण्यातच दिसते. ‘मॅट्रिक पास’ ही पदवी होतीच, पण ‘नॉनमॅट्रिक’ हीसुद्धा एक पदवी होती. लग्नाच्या बोलण्यात ती सांगत. जो परीक्षेपर्यंत पोचला आणि आपटला, तो जिथवर पोचलाच नाही त्याच्यापेक्षा वरचा.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. परीक्षेला नावे ठेवणे आपल्यासारख्यांना सोपे आहे. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. मॅट्रिकच्या निकालासाठी सभा! कारण वर्गात ज्याला वेगळे बसवत, त्याची उत्तरपत्रिका तरी इतरांच्या गठ्ठ्यात एकत्र तपासली जात होती. परीक्षक क्रमांक पाहतो, मुलगा पाहत नाही. खेड्यातल्या, गरिबाघरच्या, सीमेवरच्या मुलाला हा आंधळेपणा उपकारकच ठरला आहे. म्हणून परीक्षाच नको म्हणणाऱ्यांत मी नाही. ती काय विचारते, हा माझा प्रश्न आहे.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. आपल्याकडेही परीक्षा परक्याच होत्या. पोर्तुगीज शाळेत ‘सेगुंद ग्राव’ करून मुलगा लिसेवात जाई किंवा तिथेच थांबे. पण पोर्तुगीज शिकून गोव्यात नोकऱ्या किती मिळणार? पोट मुंबईत होते, कराचीत होते, पूर्व आफ्रिकेत होते, बोटींवर होते. १८८७ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हडफड्याला सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली ती या गरजेतून. पुढे म्हापसे, मडगाव, पणजी, फोंडा इथे हिंदू-ख्रिस्ती दोघांनीही इंग्रजी शाळा काढल्या. राज्य पोर्तुगालचे आणि मुले तयारी करणार मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची, असा तो चमत्कारिक मामला होता. घरी कोंकणी, देवळात आणि पेटीवरच्या पोथीत मराठी, कचेरीत पोर्तुगीज आणि परीक्षेत इंग्रजी. मन्नाएखेळ्ळीच्या त्या मुलाचीच ही जुनी भावंडे म्हणायची.

तरीही आपल्या त्या पिढीतल्या अनेकांची इंग्रजी परीक्षेपुरती राहिली नाही. गाईडे तेव्हाही होती, पाठांतर तेव्हाही होते, छडी तर होतीच होती. फरक एवढाच की पेपरखेरीज इंग्रजीला दुसरेही गिऱ्हाईक होते. मोंबासाहून काकांचे पत्र यायचे. मुंबईच्या कुडांत सुट्टीला गेलेला मुलगा दुकानांच्या पाट्या वाचायचा. तारवटी घरी आला की बंदरांच्या गोष्टी सांगताना इंग्रजी शब्द पेरायचा. पेपरात जे येत नव्हते ते बाहेर येत होते. परीक्षा तीच, पुस्तके तीच, पण एका जागी भाषा रुजली आणि दुसऱ्या जागी ती उत्तरपत्रिकेतच राहिली. ज्या गावात इंग्रजीला परीक्षेवाचून दुसरे काही काम नाही, तिथे परीक्षा जेवढी इंग्रजी मागेल तेवढीच मुलाच्या वाट्याला येणार. म्हणून शहरापेक्षा खेड्यात पेपर कसा आहे याला जास्त महत्त्व आहे. शहरातल्या मुलाचे नुकसान सिनेमा, शेजार आणि बाजार भरून काढतात. मन्नाएखेळ्ळीत ते भरून काढणारे दुसरे कोणी नाही.

१९५६ मध्ये एक गोष्ट घडली, जिने हे सगळे पारखून पाहायची संधी आपसूक दिली. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात आले. नारायणखेड आणि झहीराबाद आंध्र प्रदेशात गेले. झहीराबाद तालुक्यातले निर्णा मंडळ तेवढे मागे ठेवले. ते आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, जे पुढे १९७३ मध्ये कर्नाटक झाले. सीमा एखाद्या शेतातून जावी तशी नात्यांतून गेली. मामाचा मुलगा उदगीरला महाराष्ट्राच्या मंडळाचा पेपर लिहिणार, आत्याचा मुलगा हुमनाबादला म्हैसूरच्या एसएसएलसीचा आणि मावशीचा मुलगा झहीराबादला आंध्रचा.

राज्ये तीन, भाषांची धोरणे तीन. एका पिढीत एवढा मोठा बदल क्वचितच कुठे झाला असेल. कालपर्यंत उर्दू वरची भाषा होती, आज एकीकडे मराठी, दुसरीकडे कानडी, तिसरीकडे तेलुगू. आणि इंग्रजीच्या पेपराचे काय? त्याचा चेहरा तिन्हीकडे ओळखीचाच राहिला. धड्याखालचे प्रश्न, कवितेचा सारांश, गाळलेल्या जागा, कर्तरीचे कर्मणी करा, एक पत्र, एक निबंध. निजाम गेला, मुंबई इलाखा गेला, मद्रास विद्यापीठाचा धाक गेला. गाईडवाल्याला मात्र नवे काही शिकावे लागले नाही.

भाषेवरून भांडणे झाली नाहीत असे नाही. भरपूर झाली. सीमाभागातल्या मराठीचा प्रश्न महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने मिटला नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बीदर, गुलबर्ग्यातली मराठी गावेही त्या दाव्यात आहेत. कर्नाटकात १९८० मध्ये गोकाक समिती नेमली गेली, १९८१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९८२ मध्ये तो अमलात आणावा म्हणून मोठे आंदोलन उभे राहिले. सिनेनट राजकुमार त्यात उतरल्यावर सगळे राज्य हलले. शाळेत पहिली भाषा कोणती, तिला गुण किती, यावरचे ते आंदोलन. आजही कर्नाटकात दहावीच्या ६२५ गुणांपैकी १२५ पहिल्या भाषेला आणि बाकीच्या प्रत्येक विषयाला १०० आहेत.

या समितीचे अध्यक्ष विनायक कृष्ण गोकाक हे कानडीतले थोर कवी, पुढे ज्ञानपीठ मिळालेले. पण पेशाने ते इंग्रजीचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवले, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे ते प्राचार्य होते आणि हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालकही. इंग्रजी कशी शिकवावी याचा एवढा अधिकार असलेला माणूस देशात विरळा. तरी त्यांच्या नावाने जे आंदोलन झाले त्यात इंग्रजी कितव्या स्थानावर असावी यावर रान पेटले. इंग्रजीच्या पेपरात काय विचारावे यावर कोणी रस्त्यावर उतरले नाही.

आपण गोवेकरांनी हसू नये. आपल्याकडे १९९० मध्ये प्राथमिक शाळांची अनुदाने मातृभाषेशी जोडण्याचे धोरण आले, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, आणि दोन्ही वेळा घरोघर, वर्तमानपत्रांत आणि रस्त्यावर वाद झाले. मीही त्यात होतो आणि माझी बाजू मला अजूनही बरोबर वाटते. पण १९७५ मध्ये आपले स्वतःचे शालान्त मंडळ झाल्यापासून आजवर प्रश्नपत्रिकेच्या रचनेवर एकही सभा भरल्याचे मला आठवत नाही. माध्यमावर आपण जीव तोडून भांडलो आणि पेपर तज्ज्ञांवर सोडून दिला. जो कागद प्रत्यक्षात वर्ग चालवतो, त्याकडेच आपले लक्ष नव्हते.

अभ्यासकांनी हा विषय पुष्कळ तपासला आहे. परीक्षा शिकवण्यावर जो परिणाम करते त्याला ते ‘वॉशबॅक’ म्हणतात. लाट किनाऱ्यावर आपटून मागे फिरते, तशी परीक्षा वर्षाच्या शेवटी असते पण तिचे पाणी जूनपर्यंत मागे येते. चार्ल्स ॲल्डरसन आणि डायान वॉल या इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी श्रीलंकेतल्या शालान्त परीक्षेचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे इंग्रजीचा पेपर मुद्दाम बदलला होता, व्यवहारातली भाषा यावी म्हणून. निष्कर्ष असा निघाला की शिक्षक काय शिकवतात ते बदलले, पण कसे शिकवतात ते फारसे बदलले नाही. व्यवहारातल्या भाषेचेही त्यांनी पाठांतर करून घेतले! म्हणजे पेपर बदलणे जरुरीचे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याला स्वतःला इंग्रजीत चार वाक्ये मोकळेपणी बोलायची सवय नाही, त्या मास्तरांच्या हातात नवा पेपर दिला तरी ते जुनी पद्धत वापरणार.

आणखी एक प्रयोग आपल्या अगदी जवळ, खुद्द दक्षिणेत झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि आणखी काही ठिकाणच्या मोजक्या वर्गांत इंग्रजी वेगळ्या रीतीने शिकवून पाहिली. व्याकरणाचा नियम सांगायचा नाही. मुलांना नकाशा द्यायचा, गाड्यांचे वेळापत्रक द्यायचे आणि त्यातून काहीतरी शोधून काढायला सांगायचे. डोके अर्थ लावण्यात गुंतले की भाषा मागून येते, असा त्यामागचा विचार. मन्नाएखेळ्ळीच्या मुलाला कानडी आणि दखनी अशाच आल्या होत्या, कोणी नियम सांगून आल्या नव्हत्या. १९८५ मध्ये या प्रयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नियमांवर बेतलेल्या चाचणीत नेहमीच्या वर्गातली मुले पुढे होती आणि कामे करून दाखवण्याच्या चाचणीत प्रयोगातली मुले पुढे होती. हुशार कोण, हे शेवटी चाचणी कोणती लावली त्यावर ठरले.

“मग तोंडी परीक्षा घ्या की,” असे कोणी म्हणेल. घेऊन झाली आहे. महाराष्ट्रात दहावीला भाषा विषयांत २० गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाला होते आणि ते शाळेनेच द्यायचे. २०१९ च्या परीक्षेला ते काढून टाकले. निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. शाळेने आपल्याच मुलाला स्वतःच्या हाताने गुण द्यायचे आणि त्यावर शाळेचा निकाल अवलंबून, अशी व्यवस्था असेल तर मुलाला बोलते करण्याची गरजच कोणाला पडत नाही. तोंडी परीक्षा होते ती कागदावर.

कर्नाटकातले अलीकडचे उदाहरणही पाहा. २०२४ मध्ये दहावीच्या परीक्षेवर कॅमेऱ्यातून थेट देखरेख ठेवली. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के लागलेला निकाल ७३.४० वर आला, आणि तोही ग्रेस गुण वाढवून दिल्यानंतर. कॉपी थांबवली हे चांगलेच केले. पण कॅमेरा फक्त उत्तर कुठून आले ते पाहतो. पाठ केलेला तापाचा अर्ज कॅमेऱ्यासमोर लिहिला तरी तो पाठ केलेलाच राहतो.

अगदी दुसऱ्या टोकाचा उपायही आपल्या देशात होऊन गेला आहे. बिहारमध्ये १९६७ साली कर्पूरी ठाकुर शिक्षणमंत्री असताना मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढली. हेतू उघड होता. इंग्रजीत नापास होऊन खेड्यातल्या गरिबांची मुले मागे पडत होती, त्यांच्या वाटेतला धोंडा त्यांनी काढला. असंख्य मुले पुढे गेली. पण अशा पास झालेल्यांना लोक ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवू लागले. इंग्रजी परीक्षेतून गेली, नोकरीच्या मुलाखतीतून गेली नाही. धोंडा एका दारातून उचलला तो पुढच्या दारात जाऊन बसला. म्हणून तोही मार्ग मला पुरा वाटत नाही.

आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे इंग्रजी लवकर सुरू करणे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ती आठवीपासून होती, पुढे महाराष्ट्रात पाचवीपासून झाली आणि २००० पासून पहिलीपासून. कर्नाटकही त्याच वाटेने गेले. वर्षे वाढत गेली. पेपर जर तोच राहणार असेल तर पाठांतराला जास्त वर्षे मिळाली, यापलीकडे त्यातून काय साधले? तीन वर्षांत ताप यायचा तो आता दहा वर्षे येतो, एवढेच.

मला स्वतःला वाटते ते थोडक्यात सांगतो. पेपर सार्वजनिकच राहावा, क्रमांकावरच तपासला जावा, त्या आंधळेपणाला हात लावू नये. पण त्यात मुलाने आधी कधीही न पाहिलेला मजकूर जास्त असावा. बसस्थानकावरची सूचना, औषधाच्या बाटलीवरचा कागद, बँकेचे पत्र. ध्वनिमुद्रण ऐकून उत्तर लिहायचा एखादा प्रश्न असावा, म्हणजे परीक्षेला एकदाचे कान फुटतील. रजेचा अर्ज असलाच तर कारण दरवर्षी वेगळे असावे! आणि हे सगळे करण्याआधी दोन-तीन वर्षे मास्तरांना स्वतःला इंग्रजी वापरायची संधी मिळावी. श्रीलंकेचा धडा तोच आहे. यात खर्च आहे, पण माध्यमाच्या वादात आपण जेवढी शक्ती घालवली तिच्या मानाने तो काहीच नाही.

असो. गाडीचे चाक बसले. निघताना मी त्या मुलाला कागदावर साखळी तुटल्याचे वाक्य इंग्रजीत लिहून दिले. त्याने ते वाचले, मला वाक्याचा अर्थ मराठीत बरोबर सांगितला, ‘चेन’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि कागद गाईडात ठेवून दिला. बीदर, कलबुर्गी या भागाला राज्यघटनेच्या ३७१ ज कलमाने शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या आहेत. पण त्या जागांकडे जाणारी वाटही दहावीच्या गुणपत्रिकेवरूनच जाते. तेव्हा त्याने पुन्हा डोळे मिटून तापाचा अर्ज सुरू केला यात त्याचे काहीच चुकले नाही. माझे वाक्य त्याला एका गुणाचाही आधार देणार नव्हते.

वाचकांना एकच विनंती आहे. घरात दहावीतले मूल असेल तर या वर्षीचा इंग्रजीचा पेपर एकदा हातात घ्या आणि शांतपणे वाचा. त्यातला कोणता प्रश्न पाठांतरावाचून सुटतो आणि कोणता त्यावाचून सुटत नाही, एवढे मोजा. माध्यमाच्या वादात आपण कोणत्याही बाजूला असलो तरी हे मोजायला हरकत नाही. मोजून झाले की मुलाला विचारा, सायकलची साखळी तुटली तर सरांना काय लिहिशील?